खिडकीतले ऊन आणि जुनी साडी

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पाच वाजता आपल्या घरातील सर्वांत तापलेली खोली कोणती असते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? बहुधा ती पश्चिमेला खिडकी असलेली खोली असते. भर दुपारी बरी वाटणारी ही खोली दिवस कलू लागला की भट्टीसारखी होते. सूर्य मावळून दोन-तीन तास झाले, तरी तिची फरशी आणि भिंती हाताला गरमच लागतात. त्या खोलीत आजी-आजोबा किंवा तान्हे मूल झोपत असेल, तर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या शरीराला उष्णतेशी जुळवून घेणे जड जाते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही विसावा मिळाला नाही, तर उष्णतेच्या विकारांचा धोका वाढतो.

तुम्ही म्हणाल, "पंखा लावला की झाले!" पण पंखा खोलीतील हवा हलवतो, ती थंड करीत नाही. अंगावरील घाम लवकर वाळतो म्हणून आपल्याला गार वाटते, एवढेच. तापलेल्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवीत राहतो. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे उष्णतेला आत येऊच न देणे. जी उष्णता आत आली नाही, ती बाहेर घालवण्याची खटपट करावी लागत नाही. हे काम साधा कापडी पडदा करू शकतो, आणि तो घरच्या घरी, जुन्या साडीतून शिवता येतो. मात्र कोणताही पडदा कसाही टांगून भागत नाही. त्यामागचे विज्ञान आधी समजून घेऊ व मग सुई-दोरा हातात घेऊ.

छज्जा कोठे कमी पडतो?

खिडकीवर छज्जा असताना ऊन आत येतेच कसे? पुण्याचे उदाहरण घ्या. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहेत. मे महिन्याच्या मध्याला तेथे माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. अशा वेळी कोणत्याही भिंतीवर थेट ऊन पडत नाही. पण त्याच दिवशी दुपारी ४ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो, ५ वाजता सुमारे २७ अंशांवर आणि ६ वाजता केवळ १३ अंशांवर.

आता समजा, खिडकीच्या चौकटीला लागूनच वर ४५ सें.मी. रुंदीचा छज्जा आहे. सूर्य खिडकीच्या जवळजवळ समोर असताना छज्जाची सावली किती खाली येईल? छज्जाच्या रुंदीला सूर्याच्या उन्नतांशाच्या 'टॅन'ने गुणले की उत्तर मिळते. ५ वाजता ते ४५ × ०.५१, म्हणजे सुमारे २३ सें.मी. येते. त्रिकोणमिती अजून शिकला नसाल, तर आलेखाच्या कागदावर आकृती काढून मोजा. उत्तर तेच येईल. १२० सें.मी. उंचीच्या खिडकीचा वरचा २३ सें.मी. भाग सावलीत आणि उरलेला ९७ सें.मी. भाग उन्हात! डोक्यावरच्या उन्हासाठी छज्जा उत्तम. समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हापुढे त्याचा इलाज चालत नाही.

हे ऊन किती उष्णता आणते? निरभ्र आकाश असताना मे महिन्यात पाचच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरमागे सुमारे ५०० वॅट इतके सौर प्रारण पडते. खिडकी १२० सें.मी. × १२० सें.मी. असेल, तर तिचे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर होते. छज्जा नसलेल्या अशा खिडकीवर सुमारे ७२० वॅट पडतात, आणि साधे तावदान लावलेले असले तरी त्यांतील ६०० वॅटच्या आसपास आत शिरतात. घरातील साधी इस्त्री ७५० वॅटची असते. ऐन उन्हाळ्यात खोलीच्या मधोमध इस्त्री तापत ठेवावी, तसाच हा प्रकार नव्हे काय?

ऊन आत येते, पण बाहेर का जात नाही?

१८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा हाच तो हर्शेल. त्याने सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमापकातील पारा चढला! हेच अवरक्त किरण. जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा या न दिसणाऱ्या किरणांतून येते.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकीत असतो. पदार्थ जितका अधिक तप्त, तितकी त्याच्या मुख्य प्रारणाची तरंगलांबी कमी. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे. त्यामुळे त्याचे प्रारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वांत प्रखर असते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) खिडकीची साधी काच दृश्य प्रकाशाला आणि सूर्याकडून येणाऱ्या अवरक्त किरणांच्या बऱ्याच मोठ्या भागाला सहज वाट देते. हे ऊन आत येऊन फरशीवर, पलंगावर किंवा गडद पडद्यावर पडते, तेथे शोषले जाते आणि ती वस्तू तापते. आता ती वस्तूही प्रारण टाकू लागते. पण तिचे तापमान जेमतेम ४०-४५ अंश असल्याने या प्रारणाची तरंगलांबी ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास असते. आणि या लांब तरंगांना काच वाट देत नाही! ती ते शोषून घेते. त्यातली थोडी उष्णता काचेच्या बाहेरच्या बाजूने हळूहळू जाते, बरीचशी आतच राहते. चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूसारखी तिची गत होते. आत येण्याची वाट आहे, बाहेर पडण्याची नाही.

आपल्या पडद्याचे सारे सूत्र येथे आहे. ऊन हे ऊन असतानाच परतवावे. एकदा त्याची उष्णता झाली की ती घरची पाहुणी झाली.

आता तीन पडदे डोळ्यांसमोर आणा. पहिला गडद रंगाचा, काचेच्या आत. तो खोलीत अंधार करतो, म्हणून आपल्याला वाटते की ऊन अडले. प्रत्यक्षात त्याने ऊन शोषून घेतले आणि स्वतः तापून तो खोलीला उष्णता देत बसला. दुसरा पांढरा, तोही काचेच्या आत. हा पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग परावर्तित करतो, आणि तो प्रकाश अजून आखूड तरंगांचाच असल्यामुळे काचेतून परत बाहेर जाऊ शकतो. शिवाय थोडा मऊ उजेड आत झिरपतो, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नाही. तिसरा पडदा काचेच्या बाहेर. हा तापला तरी त्याची उष्णता बाहेरची हवा घेऊन जाते. तिघांत हा सर्वांत चांगला.

आपल्याकडे बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला का टांगतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. विदर्भातील वाळ्याचे पडदे तर आणखी एक काम करतात. त्यांवर पाणी शिंपडले की पाण्याची वाफ होताना ते अप्रकट उष्मा शोषून घेते. उन्हाळ्यातील तापमानाला एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. आपल्या खिडकीतून ६०० वॅट या दराने तासाभरात येणारी उष्णता होते २,१६० किलोज्यूल. म्हणजे एका तासाच्या उन्हाचा हिशेब एक लिटरहूनही कमी पाण्यात चुकता होतो! मात्र त्यासाठी हवा कोरडी हवी. कोकणात हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने तेथे ओला पडदा नुसता ओलाच राहतो.

करून पाहा

पुठ्ठ्याची, सारख्या आकाराची तीन खोकी घ्या. बुटांची खोकी चालतील. प्रत्येकाच्या एका बाजूला सारख्या मापाची खिडकी कापा आणि तिच्यावर काचेचा तुकडा चिकटपट्टीने बसवा. काचेच्या कडा धारदार असतात, म्हणून त्यांना आधी चिकटपट्टी लावून घ्या. पहिल्या खोक्यात काचेच्या आत काळे सुती कापड लावा, दुसऱ्यात आत पांढरे, आणि तिसऱ्यात तेच पांढरे कापड काचेच्या बाहेर. प्रत्येक खोक्यात मागच्या बाजूला एकेक तापमापक ठेवा. त्यावर थेट ऊन पडणार नाही अशी पुठ्ठ्याची आडोशी करा. तिन्ही खोकी एकाच वेळी उन्हाकडे तोंड करून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्या. आलेखावर तीन रेषा काढा. कोणती रेषा सर्वांत वर जाते, कोणती सर्वांत खाली राहते, ते पाहा. तिन्ही खोकी एकदमच का ठेवायची, एकामागून एक का नाही, याचेही उत्तर वहीत लिहा.

मापे आणि थोडे गणित

बाहेरचा पडदा सर्वांत चांगला खरा. पण वरच्या मजल्यावर तो लावणे कठीण, आणि पावसात, वाऱ्यात तो टिकतही नाही. म्हणून बहुतेक घरांसाठी व्यवहार्य योजना अशी: काचेजवळ पांढरा पातळ पडदा आणि खोलीच्या बाजूला साडीचा पडदा. पांढरा पडदा ऊन परतवील, आणि दोन कापडांमधील हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देणार नाही. कारण हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे.

आपली खिडकी १२० सें.मी. रुंद व तितकीच उंच धरू. सूर्य नेमका पश्चिमेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास मावळतो. मे महिन्यात पुण्याला तो पश्चिमेच्या सुमारे २० अंश उत्तरेला मावळतो, हिवाळ्यात दक्षिणेला सरकतो. त्यामुळे ऊन बाजूच्या फटीतूनही शिरते. म्हणून दांडी चौकटीपेक्षा दोन्हीकडे १५ सें.मी. अधिक, म्हणजे १५० सें.मी. लांब घ्या. ती चौकटीच्या १० सें.मी. वर बसवा आणि पडदा चौकटीच्या १५ सें.मी. खाली येऊ द्या. पडद्याची तयार लांबी झाली १० + १२० + १५ = १४५ सें.मी.

दांडी ओवण्यासाठी वर नेफा लागतो. तो किती रुंद हवा? दांडीचा व्यास २.५ सें.मी. असेल, तर तिचा परीघ सुमारे ७.९ सें.मी. सपाट ठेवलेल्या नेफ्याच्या दोन बाजू मिळून दांडीला वेढतात, म्हणून नेफ्याची रुंदी परिघाच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ४ सें.मी.हून अधिक पाहिजे. पडदा सहज सरकावा म्हणून ५ सें.मी. ठेवू. कापडाची कड आत दुमडायला आणखी १.५ सें.मी. तळाशी १० सें.मी. रुंदीची पट्टी आणि तिच्या आत दुमडायला २ सें.मी. एकूण लांबी: १४५ + ६.५ + १२ = १६३.५, म्हणजे १६४ सें.मी.

साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि ११५ सें.मी.च्या आसपास रुंद असते. १६४ सें.मी.चे तीन तुकडे कापले की ४९२ सें.मी. कापड लागते आणि ५८ सें.मी. उरते, त्यातून पडदा बांधून ठेवायच्या पट्ट्या होतील. तीन तुकड्यांची मिळून रुंदी होते ३४५ सें.मी., म्हणजे दांडीच्या २.३ पट. एवढे कापड कशाला, असे विचारू नका. पडदा ताणून बसवला तर विणीच्या धाग्यांमधील बारीक भोकांतून ऊन सरळ आत येते. चुण्या पडल्या की एका ठिकाणी दोन-दोन थर एकमेकांवर येतात आणि भोके झाकली जातात. दुप्पट कापड असले की चुण्या चांगल्या पडतात.

साडीचा आणखी एक फायदा आहे. साडीच्या लांबीच्या दिशेने ताण्याचे, म्हणजे उभे धागे असतात. असे आडवे कापून घेतलेले तुकडे टांगले की हे धागे वरून खाली येतात, आणि पडद्याचे काठ दोन्ही बाजूंना उभे राहतात. काठ मुळातच उसवत नाहीत, त्यामुळे बाजूंना शिवण घालण्याचे काम वाचते.

शिवताना

आईची किंवा आजीची परवानगी घेतल्याशिवाय साडीला कात्री लावू नका. या बाबतीत भौतिकशास्त्र तुमच्या मदतीला येणार नाही. साडी उजेडासमोर धरून विरलेले भाग शोधा. घडीवर विरलेली साडी पडदा म्हणून टिकत नाही. ती सुती आहे की नाही याविषयी शंका असेल, तर मोठ्या माणसांच्या देखत एक सुटा धागा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहा. सुताचा धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ राख राहते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कठीण मणी तयार होतो. एक नियम मात्र कोणत्याही कापडाला लागू आहे: शेगडी आणि देव्हाऱ्यातील समई यांच्याजवळ पडदा नको.

जुनी साडी पुष्कळदा धुतलेली असल्याने ती आता आटणार नाही. नवे सुती कापड घेणार असाल, तर ते कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. मागावर धागे ताणलेले असतात. पहिल्या पाण्यात तो ताण सुटतो आणि मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर कापड आटू शकते. शिवल्यावर आटले तर पडदा आखूड होतो आणि खालून ऊन येते.

तुकडे कापताना आडवा एक धागा ओढून काढा. त्या रेषेवर कापले की काप सरळ येतो. आधी तळाची पट्टी दुमडून, टाचण्या लावून कच्चा धावदोरा घाला आणि तुकडा दांडीवर टांगून पाहा. लांबी बरोबर असली की मग टीप मारा. मशीन नसेल तर बखियाचे टाके घाला. नेफ्यावर सारा भार येतो, म्हणून तेथे दुहेरी टीप हवी.

तळाची पट्टी एवढी रुंद का? टांगलेला पडदा हा एक प्रकारचा लंबकच आहे. वारा त्याला बाजूला ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला पूर्वस्थितीत आणते. वजन दांडीपासून जितके दूर, तितका त्याचा परत खेचण्याचा परिणाम अधिक. म्हणून तळाशी दुहेरी झालेले कापड पडद्याला सरळ ठेवते. तरीही फार उडत असेल, तर तळाच्या कोपऱ्यांत पितळी वॉशर शिवून टाका. लोखंडी नकोत, धुतल्यावर त्यांचे गंजाचे डाग पडतील.

पांढऱ्या पडद्यासाठी दुहेरी पलंगाची जुनी पांढरी चादर पुरे. तिचे मधोमध दोन भाग करा, वर अडीच सें.मी.चा नेफा घाला आणि प्लास्टिकचे वेष्टण असलेल्या स्प्रिंगच्या तारेवर, काचेलगत टांगा. तो साडीला जोडून शिवू नका. दोन कापडे निरनिराळ्या प्रमाणात आटतात. जोडून शिवली तर धुतल्यावर पडदा आखडतो. शिवाय उन्हातील जंबुपार किरण रंग उडवतात आणि धागे कमजोर करतात. तो मार चादर स्वतःवर घेते, आणि साडीचे आयुष्य वाढते.

घरात आधीच गडद पडदे असतील, तर ते टाकून द्यायचे कारण नाही. त्यांच्यामागे असाच पांढरा पडदा टांगा, काम झाले. पडदा आखूड पडत असेल, तर तळाची पट्टी उसवून पाहा. तेही पुरले नाही, तर तळाला जाड कापडाची पट्टी जोडा. लांबी वाढेल आणि वजनही.

पडदा ओढायची वेळ

पडदा शिवून झाला, तरी निम्मे काम उरते. तो वेळेवर ओढला पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीवर ऊन येण्यापूर्वी, म्हणजे दुपारी दीड-दोनलाच दोन्ही पडदे ओढा. खोली तापल्यावर ओढले, तर आलेली उष्णता आतच राहील. खिडकीला वर झडप असेल तर ती उघडी ठेवा. काच आणि पडदा यांमधील हवा तापून हलकी होते व वर चढते. झडपेतून तिला बाहेर जायला वाट मिळते. सूर्य मावळल्यावर आणि बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाल्यावर पडदे बाजूला करून खिडक्या पूर्ण उघडा. दिवसभराची उष्णता आता बाहेर जाऊ द्या.

पडद्याने खोलीत हिमालय अवतरणार नाही. छतातून आणि भिंतींतून येणारी उष्णता तो थांबवू शकत नाही. पण ६०० वॅटचा मोठा भाग दारातूनच परत गेला, तर आजीच्या पलंगाजवळची फरशी रात्री इतकी तापलेली राहणार नाही. आणि त्यासाठी विजेचे एक युनिटही खर्च होणार नाही.

या सुट्टीत एक नोंदवही करा. पांढरा पडदा लावण्यापूर्वी तीन दिवस आणि लावल्यानंतर तीन दिवस, दुपारी २ पासून रात्री १० पर्यंत दर तासाला खोलीतील व बाहेरच्या सावलीतील तापमान लिहा. बाहेरचे तापमान कशाला हवे, ते सांगा पाहू! आणि जाता जाता आणखी एक प्रश्न: तुमच्या घराला पूर्वेची खिडकी असेल, तर तिचा पडदा किती वाजता ओढायचा आणि किती वाजता उघडायचा?